खोक्यावर ३५००, स्क्रीनवर ९०: एसएसडीचा स्पीड कुठे अडतो ते पायरीपायरीनं शोधू

गेल्या मे महिन्यात भर दुपारी मिरजेहून एक मुलगा दुकानात आला. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. हातात नव्या एसएसडीचं (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपांवर डेटा साठवणाऱ्या डिस्कचं) रिकामं खोकं होतं आणि त्यावर ठसठशीत छापलेलं, सेकंदाला ३५०० एमबी. म्हणाला, "अण्णा, हे बघा की. खोक्यावर पस्तीसशे लिहिलंय आणि मला नव्वदच्या वर जाईना. डुप्लिकेट माल दिला काय मला?"

सांगलीत विश्रामबागेत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर येतो. विचारणाऱ्याची शंका रास्तच असते. कष्टाच्या पैशानं घेतलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे चालत नसेल तर माणूस अस्वस्थ होणारच. पण माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की दहांतल्या आठ-नऊ वेळा एसएसडी चांगली निघते. स्पीड अडतो तो तिच्या आधी कुठेतरी. कधी ज्या कार्डावरून कॉपी करताय तिथं, कधी मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, कधी भरलेल्या डिस्कमध्ये.

म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो तोच क्रम इथं देतो. आधी ज्याला पैसे लागत नाहीत आणि काही बिघडायची भीती नाही ते, मग स्क्रू-ड्रायव्हर, आणि दुकानदाराशी बोलणं सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. चांगली एसएसडी परत करून दुसरी आणतात, ती त्याच स्लॉटमध्ये बसवतात आणि तोच आकडा पुन्हा बघतात.

खोक्यावरचा आकडा आधी नीट वाचा

खोक्यावर आकड्याआधी बारीक अक्षरात "अप टू" छापलेलं असतं. म्हणजे "पर्यंत". कंपनीनं प्रयोगशाळेत, रिकाम्या आणि थंड डिस्कवर, एकच मोठी फाइल सलग वाचून मिळवलेला तो वरचा आकडा आहे. सलग वाचणं म्हणजे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जाणं. आपला रोजचा कॉम्प्युटर असं क्वचित वाचतो. विंडोज सुरू होताना किंवा टॅली उघडताना तो हजारो छोटे तुकडे इथून तिथून गोळा करत असतो.

दुसरं, तो आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. आणि पुष्कळदा त्या मालिकेतल्या मोठ्या डिस्कचा असतो. सॅमसंगच्या ९८० या मॉडेलचं उदाहरण घ्या. कंपनीच्याच माहितीपत्रकात १ टीबीच्या डिस्कला वाचण्याचा स्पीड ३५०० आणि लिहिण्याचा ३००० आहे. त्याच नावाच्या २५० जीबीच्या डिस्कला वाचण्याचा २९०० आणि लिहिण्याचा फक्त १३००. यात फसवणूक नाही. एसएसडीच्या आत मेमरीच्या अनेक चकत्या असतात आणि कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा कारभार बघणारी चिप, त्यांच्यावर एकाच वेळी लिहितो. छोट्या डिस्कमध्ये चकत्याच कमी, म्हणून एका वेळी काम करणारे हात कमी. त्यामुळे स्पीडची चर्चा करताना आपल्या डिस्कचं नुसतं नाव पुरत नाही. नाव आणि जीबी, दोन्ही घेऊन कंपनीच्या वेबसाइटवरचं माहितीपत्रक उघडा आणि त्यातला वाचण्याचा आणि लिहिण्याचा, असे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढं तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

इथंच आणखी एक गोंधळ मिटवून टाकू. गिगाबिट आणि गिगाबाइट वेगळे, आठ बिटांचा एक बाइट. साटा पोर्टवर, म्हणजे मदरबोर्डवर केबलनं डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या जागेवर, ६ गिगाबिट लिहिलेलं असतं, त्याला सरळ आठानं भागून लोक ७५० एमबी धरतात. पण साटाच्या तारेवरून प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट धाडले जातात, त्यामुळे ६०० एमबी ही छताची उंची झाली. त्यातून बाकीचा खर्च वजा जाता हातात ५५० च्या आसपास पडतात. साटा एसएसडीवर ५३०-५५० दिसत असतील तर ती तिच्या पूर्ण क्षमतेनं पळते आहे, निर्धास्त राहा. तसंच १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

आता मोजा

अंदाजानं बोलू नका, मोजा. क्रिस्टलडिस्कमार्क नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो त्याच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवून घ्या. चालवण्याआधी ब्राउझर, गाणी, डाउनलोड, सगळं बंद करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, कारण बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी डिस्कचाही वेग आवरतो. डिस्कवर थोडी तरी जागा मोकळी हवी. मग वर डिस्क निवडून "ऑल" दाबायचं आणि काही मिनिटं कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

चार ओळी दिसतील. डावीकडचा आकडा वाचण्याचा, उजवीकडचा लिहिण्याचा. खोक्यावरच्या आकड्याची तुलना करायची ती फक्त सगळ्यात वरच्या ओळीशी, कारण कंपनीही तसंच मोजते: सलग मोठे तुकडे, एकामागोमाग आठ मागण्या रांगेत लावून.

सगळ्यात खालची ओळ मात्र मन लावून बघा. तिथं ४ केबीचे छोटे तुकडे वेड्यावाकड्या जागांवरून, एका वेळी एकच, असे मागितले जातात. तुम्हाला कॉम्प्युटर चपळ वाटतो की मंद, ते बरंचसं या ओळीवर ठरतं. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या वेगवान वाटेनं चालणाऱ्या डिस्कवर, इथं वाचण्याचा आकडा ४० ते ८० एमबीच्या दरम्यान येतो. होय, पस्तीसशेच्या डिस्कवर साठ! आणि तरीही ते उत्तम आहे. साटा एसएसडीवर २५ ते ४० येतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हाच आकडा एकाच्याही खाली असतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्यावर कॉम्प्युटरचा जणू पुनर्जन्म होतो तो या ओळीमुळे. साटाची एसएसडी काढून एनव्हीएमई लावल्यावर रोजच्या कामात तितकासा फरक जाणवत नाही, त्याचंही कारण इथंच आहे. मला वाटतं, कंपन्यांनी हा आकडाही खोक्यावर छापायला हवा. गिऱ्हाइकाला खरा उपयोग त्याचाच आहे.

आता वरच्या ओळीचा निकाल. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे असेल तर तुमची एसएसडी, स्लॉट, ड्रायव्हर सगळं ठीक आहे. अडचण कॉपी करण्यात आहे, पुढचे दोन भाग वाचा. आकडा निम्मा किंवा त्याहून कमी असेल तर ते दोन भाग सोडून थेट स्लॉटच्या भागावर जा.

कॉपी हळू होते तेव्हा

त्या मिरजेच्या मुलाचा आकडा मी मोजला, तर वरची ओळ ३४०० च्या पुढं. म्हणजे माल अस्सल. मग विचारलं, "नव्वद कुठं दिसलं तुला?" म्हणाला, "कॅमेऱ्याचं कार्ड घालून कॉपी लावली की."

कार्ड काढून बघितलं. त्यावर रोमन एकचा छोटा आकडा होता, म्हणजे यूएचएस-१ जातीचं एसडी कार्ड. या जातीच्या बसची, म्हणजे कार्डातून डेटा बाहेर येण्याच्या वाटेची, कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. तिथून ९० येत असतील तर कार्ड जीव तोडून पळतंय. समोर पस्तीसशेची एसएसडी ठेवा नाहीतर सात हजारांची, नळाला जेवढं पाणी येतं तेवढंच बादलीत पडणार.

कॉपीचा वेग नेहमी दोन टोकांतल्या हळू टोकाइतकाच असतो. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणताय तर दीडशेच्या आसपास धरा, लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क असेल तर शंभराच्याही खाली. यूएसबी २.० च्या पोर्टात पेन ड्राइव्ह घातला असेल तर ३५-४० च्या वर काही जात नाही. डिस्क यूएसबी डबीत घालून बाहेरून लावली असेल तर ५ गिगाबिटच्या पोर्टावर साधारण साडेचारशे आणि १० गिगाबिटच्या पोर्टावर हजारापर्यंत मिळतात. त्यासाठी पोर्ट, डबी आणि केबल, तिन्ही त्या जातीच्या हव्यात. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल पुष्कळदा यूएसबी २.० चीच असते. दिसायला अगदी तशीच, म्हणून फसगत होते.

छोट्या फाइलींचाही मोठा वाटा आहे. दहा जीबीचा एक व्हिडिओ सरसर जातो. दहा जीबीचे वीस हजार फोटो रखडतात, कारण प्रत्येक फाइलीची नोंद वेगळी करावी लागते आणि अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो. अशा फाइली आधी एका झिपमध्ये बांधून न्या. अँटीव्हायरस बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही.

सुरुवातीला सुसाट, मग धपकन

कार्डाचं कोडं सुटलं तरी मुलगा हलेना. "पण अण्णा, जुन्या एसएसडीवरनं नवीवर टाकताना पण आधी हजाराच्या वर जातंय, आणि अर्ध्यात शंभरावर येऊन बसतंय. ते काय?"

हा प्रश्न खरा मोलाचा. याचं उत्तर समजलं की एसएसडी समजली.

एसएसडीतल्या मेमरीचं एक घर म्हणजे विजेचा भार साठवणारा एक कप्पा. त्यात एकच बिट ठेवायचा तर भार आहे की नाही एवढंच बघायचं, काम झटपट होतं. याला एसएलसी म्हणतात. पण मग डिस्क फार महाग पडते. म्हणून एका घरात तीन बिट ठेवतात, ती टीएलसी. चार ठेवतात ती क्यूएलसी. चार बिट ओळखायचे तर भाराच्या सोळा वेगवेगळ्या पातळ्या अचूक भराव्या लागतात. थोडं भर, मोज, पुन्हा थोडं भर. त्यात वेळ जातो.

कंपन्यांनी यावर तोड काढली. डिस्कचा मोकळा भाग तात्पुरता एक-बिटाच्या पद्धतीनं वापरायचा. आलेला डेटा आधी तिथं भराभर उतरवून घ्यायचा आणि डिस्क निवांत झाली की सावकाश तीन किंवा चार बिटांच्या घरांत रचायचा. ही झाली एसएलसी कॅशे.

आपल्याकडं हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवायची रीत होती. पेव आत ऐसपैस, तोंड अरुंद. ट्रकमधली पोती अंगणात उतरवायला कितीसा वेळ? पण अंगण भरलं की पुढचा ट्रक उभा राहतो, कारण आता पोतं पेवात उतरेल तेव्हाच अंगणात जागा होणार. कॅशे हे ते अंगण. खोक्यावर लिहिण्याचा जो आकडा असतो तो अंगणात पोती उतरवण्याचा आहे.

अंगण संपल्यावरचा आकडाही काही कंपन्या माहितीपत्रकात देतात, तो शोधून वाचा. सॅमसंगची ९७० इव्हो प्लस ही टीएलसी डिस्क. तिच्या ५०० जीबीच्या मॉडेलला लिहिण्याचा स्पीड ३२०० आहे, पण कॅशे संपल्यावर ९००. तिच्याच २५० जीबीच्या मॉडेलला कॅशेनंतर ४००. आणि ८७० क्यूव्हीओ ही साटाची क्यूएलसी डिस्क घेतली तर १ टीबीच्या मॉडेलला पहिले ४२ जीबी ५३० नं, मग ८० एमबी. आजच्या बऱ्याशा फिरत्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! हे सगळं कंपनीनं स्वतःच लिहिलेलं आहे. फक्त खोक्याच्या दर्शनी बाजूला नाही.

अंगण किती मोठं मिळेल हे बऱ्याच डिस्कमध्ये मोकळ्या जागेवर ठरतं. क्यूएलसीच्या घरात चार बिट मावतात, तिथं एकच ठेवायचा म्हणजे मोकळ्या जागेच्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश कॅशे. टीएलसीत एक तृतीयांश. त्या मुलाची डिस्क १ टीबीची क्यूएलसी होती आणि तिच्यावर १६० जीबीच मोकळे होते. भागिले चार, ४० जीबी. त्याच्या एका लग्नाचा माल १२० जीबी. मग अर्ध्याच्याही आधी वेग पडणार नाही तर काय होणार?

उपाय साधा निघाला. संपलेल्या लग्नांचं चित्रीकरण आम्ही फिरत्या हार्ड डिस्कवर हलवलं आणि एसएसडीवर सहाशे जीबी मोकळे केले. आता तेच १२० जीबी जवळपास सगळे वरच्या वेगानं जातात. दुसरी सवय त्याला लावली ती अशी की एक मोठी कॉपी झाली की दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवून डिस्कला मोकळं सोडायचं, म्हणजे ती अंगण आवरते. लगेच बंद केला तर ते काम तसंच राहतं.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर पन्नास-साठ जीबीची एखादी मोठी फाइल एका वेगवान डिस्कवरून एसएसडीवर कॉपी करा आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत "मोर डिटेल्स" उघडून आलेख पाहा. उंच सपाट रेघ आणि मग एकच पायरी खाली आली तर ती कॅशे. करवतीसारखे दाते, वर-खाली वर-खाली दिसले तर उष्णतेचा संशय धरा. आलेख पहिल्यापासूनच खाली असेल तर मागचा भाग पुन्हा वाचा, समोरचं टोक हळू आहे.

विकत घेतानाच विचारायची गोष्ट: टीएलसी की क्यूएलसी? घरी वापरायला, अभ्यासाला, टॅलीला क्यूएलसी चालते. रोज शंभर-दोनशे जीबी ओतणाऱ्यानं ती घेऊ नये, दोन-चारशे रुपये वाचवायला तर मुळीच नाही.

स्लॉट: इथं सगळ्यात जास्त फसगत होते

वरच्या ओळीचा आकडाच निम्मा आला असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा दुसरा मोफत प्रोग्रॅम उघडा. त्यात "ट्रान्सफर मोड" अशी एक ओळ आहे. तिथं उभ्या रेघेच्या दोन बाजूंना दोन नोंदी दिसतात. डावीकडं आत्ता डिस्क कोणत्या वाटेनं चालली आहे ते, उजवीकडं तिला कोणती वाट झेपते ते. दोन्ही सारख्या असतील तर स्लॉट निर्दोष. डावी बाजू लहान असेल तर कारण सापडलं.

वाटांची मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे बाजारात ज्याला जेन थ्री म्हणतात त्यात, एका लेनवरून, म्हणजे रस्त्याच्या पदरासारख्या डेटाच्या एका वाटेवरून, सेकंदाला साधारण ९८५ एमबी जातात. एनव्हीएमई डिस्क चार लेन वापरते, म्हणून वरची मर्यादा ३९०० च्या आसपास आणि हातात ३५००. जेन फोरमध्ये सगळं दुप्पट, हातात सात हजारांच्या घरात. जेन फाइव्हमध्ये आणखी दुप्पट. उलट जेन टूमध्ये एका लेनला फक्त ५०० एमबी. लेन चारच्या जागी दोन असतील तर प्रत्येक आकडा निम्मा.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला मी साटा एसएसडी बसवली होती, ती २७० वर अडकली. बोर्ड एच८१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी चिप). या चिपसेटला चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. केबल ३ च्या पोर्टात होती. केबल शेजारच्या पोर्टात घातली, ५४० आले. खर्च शून्य. पोर्टाशेजारी बोर्डवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च लावून वाचा. त्याआधीच्या एच६१ बोर्डावर मात्र चारही पोर्ट ३ गिगाबिटचेच, तिथं २७०-२८० हाच पूर्ण वेग समजायचा. तरीही त्या कॉम्प्युटरला एसएसडी जरूर लावा. खालच्या ओळीचा फायदा तिथंही मिळतो आणि तोच जाणवतो.

नव्या बोर्डांवरही अशा अडचणी आहेत. एच३१० चिपसेटच्या लेन जेन टूच्याच आहेत, त्यामुळे त्यावर जेन थ्रीची डिस्क निम्म्यावर किंवा त्याहून खाली चालते. ए५२० चिपसेटचा बोर्ड जेन थ्रीपर्यंतच. आणि इथं अनेकांना न कळणारी गोष्ट: बोर्ड बी५५० चा, म्हणजे जेन फोर चालणारा, पण प्रोसेसर रायझन ५ ५६००जी असेल तर डिस्क जेन थ्रीनंच चालेल. या प्रोसेसरच्या स्वतःच्या लेन जेन थ्रीच्या आहेत आणि पहिला एम डॉट टू स्लॉट (पट्टीच्या आकाराची एसएसडी बसते ती जागा) प्रोसेसरलाच जोडलेला असतो. ग्राफिक्स कार्ड न घेता कॉम्प्युटर जुळवायचा म्हणून हा प्रोसेसर आपल्याकडं भरपूर विकला गेला. सात हजारांची डिस्क त्यावर ३५०० दाखवते आणि माणूस डिस्कला दोष देतो. इंटेलच्या बी५६० बोर्डावर प्रोसेसरला जोडलेला एम डॉट टू स्लॉट अकराव्या पिढीच्याच प्रोसेसरबरोबर चालतो. दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर त्या स्लॉटमध्ये डिस्क दिसतच नाही.

एम डॉट टू हा फक्त आकार आहे, हेही सांगायला हवं. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, तीच ती पट्टी. तिच्यात साटाही असते आणि एनव्हीएमईही. एम डॉट टू घेतली म्हणजे वेगवान घेतली असं समजून साटाची पट्टी घरी नेणारे खूप. एनव्हीएमईच्या पट्टीला सोनेरी टोकात बहुधा एकच खाच असते, साटाच्या पट्टीला बहुधा दोन. नक्की काय ते लेबलवर लिहिलेलं असतंच.

लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत एसएसडी घातली असेल, तर जुन्या लॅपटॉपांत ती वाट पुष्कळदा हळू असते. एसएसडी हार्ड डिस्कच्या मूळ जागी बसवा आणि हार्ड डिस्क कॅडीत.

साटा डिस्कवर आकडा कधी बरा, कधी वाईट असा हेलकावत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फोच्याच यादीत "सीआरसी एरर काउंट" (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) बघा. ती संख्या आज लिहून ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा बघा. वाढत असेल तर केबल बदला. ही संख्या केबल बदलल्यावर शून्य होत नाही, फक्त वाढायची थांबते. फार जुन्या बोर्डावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड "आयडीई" ठेवलेला असतो, तो "एएचसीआय" हवा. पण आधीच बसवलेल्या विंडोजवर हा बदल थेट केला तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून हे जाणकाराकडून करून घ्या.

उष्णता

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो, पत्र्याच्या गाळ्यात त्याहूनही वाढतो. एनव्हीएमईचा कंट्रोलर साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, गार झाला की चढवतो. करवतीसारखा आलेख येतो तो यानंच. डिस्क बिघडलेली नाही, ती शहाणपणानं वागते आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फोत तापमान वरच दिसतं. मोठी कॉपी चालू असताना त्यावर नजर ठेवा. सत्तरीच्या पुढं जात असेल तर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, लावा. बोर्डाबरोबर आलेला असेल तर तोच पुरतो. त्याच्या आतल्या थर्मल पॅडवरची पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढायला विसरू नका. ती तशीच ठेवून बसवलेले हीटसिंक मी दर उन्हाळ्यात उघडतो. डिस्कवरचं लेबल मात्र सोलू नका, बऱ्याच कंपन्या त्यावरून वॉरंटी नाकारतात. कॅबिनेटचा पंखा आणि जाळी स्वच्छ करा. ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालचा स्लॉट सगळ्यात तापतो, दुसरा रिकामा असेल तर डिस्क तिकडं हलवा.

राहिलेल्या बारीक गोष्टी

डिस्क काठोकाठ भरू नका. मेमरीवर लिहिताना छोट्या पानांत लिहिता येतं, पण पुसताना कित्येक पानांचा मोठा ठोकळा एकदम पुसावा लागतो. मोकळी जागा नसेल तर चालू पानं आधी दुसरीकडं उचलून ठेवावी लागतात. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा.

फाइल पुसल्यावर ती जागा मोकळी झाली असं विंडोज डिस्कला कळवतं, त्या निरोपाला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून ही सोय आहे. स्टार्टमध्ये "ऑप्टिमाइझ ड्राइव्हज" शोधा, तुमच्या डिस्कपुढं "सॉलिड स्टेट ड्राइव्ह" लिहिलेलं हवं आणि आठवड्याचं वेळापत्रक चालू हवं. ते बंद असेल तर चालू करा आणि एकदा "ऑप्टिमाइझ" दाबा. बाहेरचे जुने डीफ्रॅगचे प्रोग्रॅम एसएसडीवर चालवू नका, वेग वाढत नाही आणि मेमरी उगाच झिजते.

एक्सपीच्या काळातली डिस्क जशीच्या तशी क्लोन करत आणली असेल तर पार्टिशनची सुरुवात सरकलेली असू शकते. "सिस्टिम इन्फर्मेशन" उघडून डिस्कच्या माहितीत पार्टिशनचा "स्टार्टिंग ऑफसेट" बघा आणि त्याला ४०९६ नं भागा. १०४८५७६ ला भागलं तर बरोबर २५६ येतात, ठीक आहे. ३२२५६ असेल तर ७.८७५ येतात. म्हणजे प्रत्येक छोटा तुकडा दोन पानांवर सांडतो. बॅकअप घेऊन विंडोज नव्यानं टाकणं हाच त्यावरचा सरळ उपाय.

दुकानदाराकडं कधी जायचं

ट्रान्सफर मोड दोन्ही बाजूंना सारखा, तापमान पन्नाशीत, डिस्क अर्धी रिकामी, चार्जर लावलेला, आणि तरीही वरच्या ओळीचा वाचण्याचा आकडा माहितीपत्रकाच्या निम्म्यालाही पोचत नसेल, तर आता डिस्कवर संशय घ्यायला हरकत नाही. शक्य असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून एकदा मोजा. तिथंही तेच दिसलं तर पहिलं काम बॅकअपचं. फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं दुसरीकडं न्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातला डेटा मिळत नाही.

मग क्रिस्टलडिस्कमार्क आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या दोन्हींचे स्क्रीनशॉट, जीएसटीचं बिल आणि लेबलवरचा सीरियल नंबर घेऊन जा. कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर घालून वॉरंटी किती उरली ते आधीच बघून घ्या. नंबर तिथं सापडलाच नाही तर डुप्लिकेटची शंका बळावते, तेवढा पुरावा घेऊन दुकानदाराला विचारा. वॉरंटीला दोन मर्यादा असतात, वर्षांची आणि एकूण किती टीबी लिहिले त्याची, आणि जी आधी संपेल ती लागू होते. आजवर लिहिलेला एकूण डेटा क्रिस्टलडिस्कइन्फोत "टोटल होस्ट राइट्स" या नावानं दिसतो. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर पहिल्याच दिवशी तिथं हजारो जीबी दिसले, तर स्पीडची गोष्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा.